गाडीतला तिसरा श्वास

मी कूलिंग कॉइल. नाही ना ओळखलंत? साहजिक आहे. गाडीत एसी लावला की तुम्ही त्या जाळीला गाल लावता, 'हाऽऽ, आता कुठे बरं वाटलं' म्हणता. पण जाळीच्या मागे अंधारात कोण बसलंय, हे वाकून बघितलंय कधी? डॅशबोर्डच्या पोटात एक काळी पेटी असते. तिच्यात मला उभी करून झाकण लावतात. पुढे माझं तोंड कुणी बघत नाही, आणि ज्या दिवशी बघतात त्या दिवशी माझी धडगत नसते.

माझा जन्म कारखान्यातला. अंग म्हणाल तर ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या आणि त्यांच्या मधे पातळ पत्र्याच्या चुण्या. नळ्यांतून गॅस खेळतो, मी गार पडते, आणि पंखा गाडीतली हवा ओढून माझ्या अंगावर फेकतो. ती गार होऊन तुमच्या तोंडावर येते. म्हणजे तुमचीच हवा तुम्हाला परत. तरी जरा कमी गार झालं की जाळीवर थापा कोण मारतं? तुम्हीच. बोलायचं नाही म्हणून गप्प बसते.

एक गंमत सांगते. गार अंगावर तुमच्या श्वासातली वाफ बसते, तिचे थेंब होतात आणि नळीतून खाली रस्त्यावर गळतात. उभ्या गाडीखाली पाणी बघून 'कायतरी फुटलं' म्हणून घाबरता ना, त्यात पुष्कळसे तुमचेच श्वास असतात. म्हणूनच गाडीत माणसं किती, हे मला न बघता कळतं. एकाचा श्वास वेगळा, दोघांचा वेगळा. माझी चूक होत नाही.

निदान तोवर तरी होत नव्हती.

आमची गाडी आधी बँकेतल्या एका साहेबाकडे होती. तो एसी लावायचाच नाही, काचा खाली करून शीळ घालत जायचा. मग रत्नागिरीच्या हर्षद डोर्लेकरनं ती घेतली. मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी उचलायची, बर्फात घालायची आणि लांज्या-राजापुरातल्या खानावळींना पोचवायची, हा त्याचा धंदा. डिकीत थर्माकोलचे खोके, त्यांत सुरमई, बांगडे आणि बर्फ. बर्फ वितळायचा, खारं पाणी डिकीत साचायचं आणि गाडीला असा काही वास सुटायचा की विचारू नका.

हर्षदनं त्यावर तोड काढली. ड्रिल मशीन आणून डिकीच्या तळाला भोकं पाडली. पाणी आपलं खालच्या खाली जाईल, टेम्पोला नसतात का! वर काथ्याची चटई टाकली आणि हात झटकले. दर्यावरच्या घरातला हा माणूस. होडीच्या तळाला भोक दिसलं असतं तर बोंब मारत सुटला असता. गाडीच्या तळाला स्वतःच्या हातानं पाडली आणि वर बायकोला म्हणाला, "बघ, डोकं लागतं त्याला."

बायको शमिका. राजापूरची माहेरवाशीण, हसरी पोर. हर्षद राजापूरकडे निघाला की आईवडिलांना भेटायला तीही बसायची. येताना कधी कधी तिची आई, कमळाकाकू, रत्नागिरीला यायची आणि मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची. गुडघ्यांनी कामातून गेलेली म्हातारी, पण तोंड असं चालायचं की हर्षद रेडिओ लावायचाच नाही. थंडी मात्र तिला सोसायची नाही. शमिकेनं काच बोटभर जरी खाली केली तरी मागून हाक यायची, "काच वर घे गो शमे, कानात वारा भरतोय!" आणि मग माझा उद्धार, "नि त्या यंत्राला पण आवर जरा. जिवंतपणी बर्फात घालतोस काय रे मला, जावयबापू?" मला ती आवडायची. शिव्या देणारी का होईना, माझी दखल घेणारी ती एकटीच.

मागच्या वर्षी कमळाकाकू गेली. झोपेतच गेली, राजापुरात, आपल्या घरी. शमिका शेवटच्या वेळी जवळ नव्हती आणि ते तिला फार लागलं. वडील एकटे पडले म्हणून डबे घेऊन ती हर्षदबरोबर आणखीच वरचेवर जायला लागली. त्यातच तिला दिवस राहिले.

साधारण तेव्हापासूनच गाडीत काहीतरी बिघडलं.

आधी गारवा कमी झाला. हर्षदनं गाडी विठूच्या गॅरेजला नेली. विठू मिस्त्री गाड्यांच्या एसीचंच काम करतो. त्यानं निळी-लाल घड्याळं नळ्यांना जोडली, गॅसचा दाब बघितला आणि म्हणाला, "गॅस संपलाय. इंजिनापुढची जाळी खाऱ्या वाऱ्यानं खाल्लीन्. बंदरावर गाडी उभी करता, दुसरं काय होणार?" जाळी बदलली, गॅस भरला. मी पुन्हा कुडकुडायला लागले. सगळं ठीक झालं असं वाटलं.

नंतरच्याच खेपेला, लांजा मागे पडल्यावर एक वळण आलं. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचं खडप उभं कापलेलं, मधून रस्ता. तिथं माझ्या अंगावर काहीतरी बसलं. हवेला एक बोथट, जड चव आली. माशांच्या वासाखाली ती दबलेली होती, पण होती. हर्षदचं बोलणं मधेच थांबलं. शमिकेची मान कलली.

आणि माझ्या अंगावर जास्तीचे थेंब जमले.

मी पुन्हा पुन्हा अंदाज घेतला. दोन श्वास ओळखीचे. हर्षदचा दांडगा, शमिकेचा लहान. तरीही पाणी तिघांचं होतं. मागच्या बाजूनं, खालून, सावकाश कुणीतरी श्वास सोडत होतं.

तेवढ्यात शमिकेला मळमळलं म्हणून तिनं काच जराशी खाली केली, आणि लगेच झोपेतल्यासारखी दचकून वर घेतली. "घेतली गो आये," ती पुटपुटली, "घेतली वर."

मला सांगा, माझ्यासारख्या धातूच्या वस्तूला शहारा कुठून येणार? पण आला.

आवाज मी ऐकला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी ऐकलं ते फक्त शमिकेचं उत्तर. पण पुढच्या प्रत्येक खेपेला ते ऐकलं. त्या वळणाच्या आसपास तिचे डोळे मिटायचे, ओठ हलायचे. "हो गो, जेवले." "नाय, पाय नाय सुजले." "बाबा बरे हायत, तू नको काळजी करू." मधे थांबून ती ऐकायची आणि हसायची. पोटावर हात ठेवायची. राजापुरात उतरून मोकळ्या हवेत गेली की डोकं धरून बसायची, ओकायची. लोक म्हणायचे, दिवसांत होतं असं.

हर्षदला तिथं काही ऐकू यायचं नाही, पण दिसायचं. एकदा त्यानं असा ब्रेक मारला की खोके डिकीतून सीटवर आदळले. "बाई होती," तो म्हणाला. "रस्त्याच्या मधे उभी होती." रस्त्यावर कुणी नव्हतं. टायर वळणापुढच्या पुलाच्या कठड्याला लागून थांबले होते आणि खाली नदी होती.

घरी पोचल्यावर गाडीपाशीच त्यानं हे आईला सांगितलं. त्याची आई दमयंती. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "ती जागाच वाईट! शमिका दोन जिवांची, तिला घेऊन जाऊ नको म्हणून सांगत होते ना?"

जागा वाईट म्हणून त्यांनी त्या वळणावर नारळ ठेवला. मला मात्र एक गोष्ट छळत होती. जाताना त्रास त्या वळणावर व्हायचा, हे खरं. पण राजापुराहून परत येताना त्या वळणावर काहीच व्हायचं नाही. येताना सगळं व्हायचं ते लांजाही ओलांडून, रत्नागिरीच्या वाटेवरच्या पालीच्या अलीकडे. जागा जर वाईट, तर ती इकडून तिकडे चालत जाते का? हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दमयंतीला विचारलं असतंत तर ती म्हणाली असती, "गाडीतच बसून येते मेली." आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

हर्षद पुन्हा विठूकडे गेला. "एसी लावला की डोकं धरतं," एवढंच म्हणाला. बाईचं सांगायची लाज वाटली असणार. विठूनं हवेची चाळणी काढली. ती लाल धुळीनं आणि माशांच्या खवल्यांनी भरली होती. ती बदलली, माझ्यावर साबणाचा फेस मारला, सुवासिक काहीतरी फवारलं. दोन दिवस गाडीत मोगरा दरवळला. वळणावर मोगऱ्याच्या वासातही तिसरा श्वास आलाच.

तिकडे कमळाकाकूचं वर्षश्राद्ध जवळ आलं. शमिका हट्टाला पेटली. "आईचं वर्षश्राद्ध हाय आणि मी जाणार नाय? जाणार तर आपल्याच गाडीतनं!" आपल्याच गाडीतनं का, हे एकट्या मला कळत होतं. तिथं तिला आई भेटत होती. घरी सांगितलं असतं तर तिला गाडीला हात लावू दिला नसता, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. आणि खेपेगणिक तिची मान अधिक लवकर कलत होती, अधिक उशिरा उठत होती. पोटातलं मूलही तीच हवा घेत होतं. मला ओरडावंसं वाटायचं. पण मी ओरडणार म्हणजे काय करणार? गार हवा सोडणार. ती त्यांना बरीच वाटायची.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी हर्षदनं सकाळीच गाडी विठूसमोर उभी केली. "काय वाट्टेल ते कर, पण आज मला हिचं काही नाटक नको." विठूनं डोकं खाजवलं. "गॅस आतल्या आत गळत असेल. कॉइल लीक असणार, तोच गॅस नाकात जातोय तुमच्या."

म्हणजे मी! इतकी वर्षं मान मोडून राबले, आणि आळ माझ्यावर!

डॅशबोर्ड उपसून मला बाहेर काढली. उजेड बघून मी दिपून गेले. विठूनं माझं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि मला पाण्याच्या बादलीत बुडवलं. कुठंही भोक असेल तर बुडबुडा येतो. दोघे वाकून बघत राहिले. पाणी शांत. एक बुडबुडा नाही.

"आयला," विठू म्हणाला, "ही तर धडधाकट हाय. मग गळतंय काय?"

पण काढताना माझ्या नळीचा गळा पिळवटला होता, मला परत कोण घालणार? बाजारातून आणलेली नवी कॉइल बसवली आणि मला बाकावर ठेवून दिलं. तिथून मी माझी गाडी पहिल्यांदा बाहेरून बघितली. एवढीशीच होती.

तिन्हीसांजेच्या सुमाराला शमिका बॅग घेऊन आली. मागोमाग दमयंती आली, तिच्या हातात धुपाटणं. त्यात नारळाच्या सोडणाचे निखारे आणि वर धूप. "विठू, तुझं तू कर, माझं मी करते. धूप दाखवल्याशिवाय सून ह्या गाडीत बसायची नाय."

विठू आत बसून इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून नव्या कॉइलचा गारवा बघत होता. दमयंतीनं चारी चाकांना धूप दाखवला आणि काहीतरी पुटपुटत डिकीखाली वाकली. "मागंच बसते ती. हितनंच निघेल." तिनं धुपाटणं आत, गाडीच्या पोटाखाली सरकवलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग मागच्या काचेतून मला दिसलं, आणि तिथं उभ्या सगळ्यांना दिसलं. डिकीतून पांढरं काहीतरी वर आलं. मागच्या सीटच्या पाठीवरून ओघळलं, सीटवर साचलं, उंच झालं. म्हातारं माणूस पाय वर घेऊन बसतं तसं ते तिथं बसलं. मग पुढे कलंडलं आणि दोन्ही सीटांच्या मधून विठूच्या खांद्यावर वाकलं.

दमयंती दोन पावलं मागे सरली. हर्षद भिंतीला टेकला. आणि शमिका एक पाऊल पुढे आली. "आये," ती म्हणाली.

विठू खोकत खोकत दार उघडून बाहेर पडला. "अवो धूप आहे हा! आत कसा आला?" त्यानं इंजिन बंद केलं, डिकी उघडली आणि काथ्याची चटई उचलली. भोकांमधून धूर उभा येत होता. त्यानं जमिनीवर आडवं पडून खाली बॅटरी मारली. बर्फाचं खारं पाणी रोज त्या भोकांतून थेट सायलेन्सरवर पडत होतं. सायलेन्सर वरच्या अंगानं गंजून फाटला होता, आणि इंजिनाचा सगळा धूर फुंकर मारल्यासारखा सरळ डिकीत शिरत होता.

"ही भोकं पाडली कुणी?"

"मी," हर्षद म्हणाला. "पाणी जायला."

विठू उठून बसला. "मी पुढचंच बघत बसलो रे," तो म्हणाला. "मागं बघितलंच नाय. हा विषारी धूर असतो. माशाच्या वासात कळणार कसा? आधी माणूस पेंगतो. मग नाय ते दिसतं, नाय ते ऐकू येतं. आणि काचा बंद असल्या तर मग तो उठत पण नाय."

हर्षदनं शमिकेच्या पोटाकडे बघितलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. दमयंतीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, "मेल्या, काय करून बसला होतास!" आणि मग स्वतःच रडू लागली.

"म्हणजे मागं कुणी नव्हतंच?" शमिकेनं विचारलं.

"कोण असणार, वैनी?" विठू म्हणाला.

ती मागच्या सीटकडे बघत राहिली.

गाडीची भोकं बुजली, सायलेन्सर नवा आला. शमिकेला डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. पुढे तिला मुलगी झाली. पेढे द्यायला दमयंती गॅरेजवर आली तेव्हा म्हणाली, "माझ्या धुपानंच धरली की नाय तिला?" विठू हसून म्हणाला, "खरं हाय काकी. माझी घड्याळं हरली." मी अजून बाकावरच आहे. माझ्या चुण्यांमधे कोळ्यानं जाळं केलंय. भंगारवाला येऊन बघून गेला, पुढच्या फेरीला मला उचलणार. वितळवून माझं भांडं करतील की आणखी काय, देव जाणे.

तो तिसरा श्वास म्हणजे इंजिनाच्या धुरातली वाफच असेल. धुरात पाणी असतं म्हणतात. आणि जाताना ते वळण काय, येताना पाली काय, निघाल्यापासून धूर साचून डोक्यात चढायला तेवढाच वेळ लागत असेल. मी वाद घालत नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते, गाडीत सगळ्यांचीच डोकी एकदम जड व्हायला लागली तर जागेला दोष देत बसू नका. काचा उघडा, गाडी थांबवा, उतरा, आणि गाडीच्या पोटाखाली कुणाला तरी बघायला लावा.

जाण्याआधी त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलंय. ते विठूला ठाऊक नाही, हर्षदला नाही.

हर्षद राजापूरची एसटी कितीला आहे ते बघायला स्टँडवर गेला. विठू सायलेन्सरसाठी फोनवर होता. दमयंती कोपऱ्यावर निखारे विझवत होती. शमिका एकटीच गाडीपाशी उभी होती. तिनं इकडेतिकडे बघितलं, हर्षदच्या जागेवर जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. किल्ली तशीच होती. तिनं ती फिरवली. काचा बंदच होत्या, डिकीतली चटई बाजूला पडली होती, भोकं उघडी.

मी बाकावर. हातपाय नाहीत, तोंड नाही. पोरी, उतर, म्हणत राहिले. कुणाला ऐकू जाणार?

ती समोर बघत बसली होती. आरशात मागची सीट दिसत असणार. बराच वेळ गेला. तिची मान जराशी कलली. मग ओठ हलले, आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की माझा धीरच सुटला. आता ही उठत नाही, असं वाटलं.

तेवढ्यात तिचा हात पोटावर गेला. तो तिथंच राहिला. आणि मग चारी काचा एकदम खाली आल्या.

इंजिन बंद करून ती बाहेर आली. गाडीला धरून उभी राहिली, दोन-चारदा मोठा श्वास घेतला. मग वळसा घालून गेली आणि मागचं दार उघडलं.

"आये, उतर गो," ती म्हणाली. "हितनं पुढं ही गाडी नाय जायची."

गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तिनं दार धरून ठेवलं. एकदा हातही पुढे केला. मग आत नीट बघून दार हळूच लावलं आणि ओढणीनं डोळे पुसत सासूपाशी जाऊन उभी राहिली.